घर आपलें, बोजा परक्याचा

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दोहोंतही खर्चाचा अंदाज चुकतो, आणि दोहोंतही हिशेब मिटला असें वाटत असतां एखादें विसरलेलें देणें दाराशीं येऊन उभें राहतें, हें प्रत्येक संसारी गृहस्थास अनुभवानें ठाऊक असतें. परंतु ज्या मनुष्याशीं आपण कधीं शब्दही बोललों नाहीं, ज्याचें तोंडही पाहिलें नाहीं, त्याचें देणें आपल्या घरावर चढावें, आणि तेंही आपण सारे पैसे चुकते केल्यावर, ही गोष्ट त्या म्हणीच्या कर्त्याच्याही ध्यानांत आली नसेल. अमेरिकेंत ती कायद्यानें घडते. आज आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, लेकी, जांवई तिकडे घरें करून राहिलीं आहेत. कित्येक वडीलधाऱ्यांनीं आपल्या पुंजींतून त्या घरांना हातभारही लावला आहे. म्हणून हा विषय परदेशचा असला तरी परका नाहीं, आणि त्याची शांतपणें ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटलें.

तिकडे या हक्कास 'मेकॅनिक्स लीन' असें म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस 'लीन' हा शब्द ऐकतांच एकरूप झालेला, बुडून गेलेला असा अर्थ सुचेल. पण या शब्दाचा त्या शब्दाशीं कांहींएक संबंध नाहीं. तो लॅटिनमधून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला असून त्याचा मूळ अर्थ 'बंधन' असा आहे. 'मेकॅनिक' म्हणजेही येथें यंत्रें दुरुस्त करणारा नव्हे, तर हातानें काम करणारा कारागीर. आपल्या कायद्याच्या मराठींत 'धारणाधिकार' असा भारदस्त प्रतिशब्द आहे. परंतु ज्यांनीं सातबाराचा उतारा किंवा मिळकत-पत्रिका हातीं धरली आहे त्यांस 'बोजा' हाच शब्द जवळचा वाटेल. इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाची जशी नोंद होते, तशीच ही नोंद समजावी. फरक एवढाच कीं, आपल्याकडे असा बोजा बहुधा मालकानें सही करून कर्ज घेतल्यावर चढतो. तिकडे हा बोजा मालकाच्या सहीवांचून चढतो.

त्याचें स्वरूप असें. घराचें बांधकाम किंवा दुरुस्ती करणारा कंत्राटदार, त्याच्या हाताखालचा पोटकंत्राटदार, गवंडी, सुतार, नळकाम करणारा, विजेचें काम करणारा, लाकूड, विटा, फरशा पुरविणारा व्यापारी, यांपैकीं कोणाचेही त्या घराच्या कामाबद्दलचे पैसे राहिले, तर तो काउंटीच्या नोंदणी-कचेरींत आपला दावा लिहून नोंदवूं शकतो. ही कचेरी म्हणजे आपल्याकडील दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या जातीची. नोंद झाली कीं तें घर त्या देण्यास तारण झालें. पुढें त्यानें मुदतींत फिर्याद केली व ती शाबीत झाली, तर कोर्ट घराचा लिलावही करूं शकतें. लिलावापर्यंत गोष्ट न गेली तरी नुसती नोंदच मालकास जेरीस आणण्यास पुरेशी असते. मालकीहक्काचा विमा उतरविणारी कंपनी ती नोंद पाहून थबकते, बँक नवें कर्ज देण्याचें थांबविते, आणि घर विकावयाचें झाल्यास गिऱ्हाईक पाठ फिरवितें.

या कायद्याचा जन्म कसा झाला तें सांगण्यासारखें आहे. १७९० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें नव्या राजधानीसाठीं पोटोमॅक नदीकांठची जागा घेण्याचें ठरविलें. पुढच्याच वर्षीं शहराची आखणी झाली व भूखंड विक्रीस निघाले. पण घरें बांधणार कोण? देश नवा, पैसा थोडा, आणि कारागीर व माल पुरविणारे उधारीवर हात लावण्यास नाखूष. तेव्हां राजधानीचें काम पाहणाऱ्या कमिशनरांची १७९१ च्या सप्टेंबरांत सभा झाली, आणि तिला टॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन हे दोघेही, जे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले, ते हजर होते. ज्यानें घर बांधलें त्यास त्या घरावरच हक्क द्यावा, म्हणजे तो निर्धास्तपणें काम करील, अशी सूचना मेरिलंड राज्याच्या विधिमंडळाकडे गेली, आणि १९ डिसेंबर १७९१ रोजीं तेथें तसा कायदा झाला. तो प्रथम त्या नव्या शहरापुरताच होता. १८०३ सालीं पेन्सिल्व्हेनियानें त्याचें अनुकरण केलें, आणि हळूहळू सर्व राज्यांत तो पसरला. कॅलिफोर्नियानें तर १८७९ च्या आपल्या राज्यघटनेंतच हा हक्क गोंवून टाकला. म्हणजे ही कोणा लोभी कंत्राटदाराची युक्ति नसून राष्ट्र उभें करणाऱ्यांनीं गवंड्यासुतारांस दिलेलें अभिवचन आहे, हें प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आपला कायदा इंग्लंडच्या वळणावर गेला, आणि इंग्लंडनें हा हक्क इमारतीच्या बाबतींत कधींच मानला नाहीं. आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यांतील १७० व्या कलमाप्रमाणें, सोनाराकडे पाटल्या घडवावयास दिल्या तर मजुरी मिळेपर्यंत त्या अडकवून ठेवण्याचा त्यास अधिकार आहे. पण हा अधिकार जंगम वस्तूंपुरता व ताब्यापुरता. पाटली सोनाराच्या पेटींत राहते. वीट मात्र भिंतींत बसली कीं ती जमिनीची झाली, आणि जमीन मालकाची. गवंडी भिंत अडकवून कशी ठेवणार? त्यानें तीन वर्षांच्या मुदतींत पैशांसाठीं फिर्याद करावी, एवढाच मार्ग त्यास मोकळा. पैसे न मिळाल्याबद्दल घरावर हक्क मिळतो तो आपल्याकडे विकणाऱ्यास. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें किंमत न मिळालेल्या विक्रेत्याचा भार मिळकतीवर राहतो. बांधणाऱ्यास तसें कांहीं नाहीं. त्यामुळें आपल्याकडे मालकाचें घर निर्वेध राहतें खरें. परंतु कंत्राटदार पळून गेला म्हणजे कामकऱ्यांची मजुरी बुडते, आणि त्याची दाद कोठेंच लागत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां या कायद्याचा चटका कसा बसतो तें एका उदाहरणानें सांगतों. आमचा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. त्यानें आपल्या घराच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती काढली. ठराव ६०,००० डॉलरांचा. चार हप्त्यांनीं त्यानें ते सगळे पोंचते केले आणि पावत्या जपून ठेविल्या. काम नांव ठेवण्यासारखें नव्हतें. पुढें त्याच्या वृद्ध आईस जिना चढणें अशक्य झालें, म्हणून त्यानें एकमजली घर पाहून विसार दिला, व जुनें घर विकावयास काढलें. गिऱ्हाईक ठरलें, तारीखही ठरली. खरेदीस तीन आठवडे उरले असतां मध्यस्थ कचेरीकडून कळलें कीं, घरावर १४,५०० डॉलरांचा बोजा आहे. लांकडी कपाटें पुरविणाऱ्या एका व्यापाऱ्यानें काम संपल्यापासून सत्तराव्या दिवशीं तो नोंदविला होता. कंत्राटदारानें मालकाकडून कपाटांचे पैसे घेतले, आणि व्यापाऱ्यास मात्र एक छदामही दिला नाहीं. कंत्राटदाराचा दूरध्वनि बंद.

त्यानें आम्हांस लिहिलें, "गुरुजी, एकाच कपाटाचे पैसे दोनदां द्यावयाचे, हा कोणता न्याय?" प्रश्न रास्त होता. घर विकलें नाहीं तर नव्या घराचा विसार जाणार आणि आईची सोय होणार नाहीं. विकावयाचें तर ज्याच्याशीं कधीं करार केला नाहीं त्याचें देणें फेडावयाचें.

आम्ही त्यास जें उत्तर लिहिलें त्याचा सारांश येथें देतों. कपाटें त्या व्यापाऱ्यानें दिलीं, तीं तुझ्या घरांत बसलीं, त्या घराची किंमत वाढली, आणि त्या व्यापाऱ्यास दमडी मिळाली नाहीं, ह्या चारही गोष्टी खऱ्या. तूं पैसे दिलेस ही पांचवी गोष्टही खरी. म्हणजे येथें निरपराधी दोन आहेत, आणि अपराधी पसार आहे. अशा वेळीं नुकसान दोघांपैकीं कोणीं सोसावें, एवढाच प्रश्न कायद्यापुढें असतो. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो, कंत्राटदार निवडला कोणीं? मालकानें. पैसे केव्हां व कसे द्यावयाचे हें हातांत कोणाच्या होतें? मालकाच्या. म्हणून भार मालकावर. इंग्लंडचा व आपला कायदा म्हणतो, उधार कोणीं दिलें? व्यापाऱ्यानें. म्हणून भार व्यापाऱ्यावर. दोन्ही पक्षांस युक्तिवाद आहे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत ऋणादानाबरोबर वेतन न देण्याचेंही एक पद स्वतंत्रपणें मांडलें आहे. श्रमाचें देणें हें नुसतें कर्ज नव्हे, त्याची जात वेगळी, ही जाणीव आपल्याकडेही जुनी आहे. आपल्या देशांतही १९७० सालीं झालेल्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यानें, कंत्राटदारानें मजुरी न दिल्यास ती मुख्य मालकानें द्यावी व मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, हें तत्त्व मान्य केलें होतें. मात्र तो कायदा मोठ्या कामांपुरता होता, घरगुती बांधकामास लागू नव्हता. तेव्हां तुला राग येणें साहजिक असलें, तरी तो व्यापाऱ्यावर काढूं नकोस.

परंतु न्याय मान्य करणें निराळें आणि मागेल तितके पैसे मोजणें निराळें. त्या विद्यार्थ्यानें वकिलाचा सल्ला घेतला, आणि त्यांत ज्या गोष्टी निघाल्या त्या प्रत्येक कुटुंबानें माहीत करून घ्याव्या अशा आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे बोजा कायदेशीर आहे कीं नाहीं याची तपासणी. कॅलिफोर्नियांत मालकाशीं थेट करार नसलेल्या पुरवठादारानें माल देऊं लागल्यापासून २० दिवसांच्या आंत मालकास प्राथमिक सूचनापत्र पाठवावें लागतें. उशीर केल्यास सूचनेच्या मागील २० दिवसांपलीकडच्या मालाबद्दलचा हक्क जातो. व्यापाऱ्यानें तें वेळेवर पाठविलें होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं तें जाहिरातींच्या कागदांबरोबर खणांत पडून होतें. बोजा नोंदवितांना त्याची प्रतही मालकाकडे पाठवावी लागते, नाहीं तर तो टिकत नाहीं. तीही आली होती. मुदत पाहतां, काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवस त्यास होते, आणि सत्तराव्या दिवशीं त्यानें नोंद केली. येथें एक हळहळण्यासारखी गोष्ट निघाली. काम संपल्यावर १५ दिवसांच्या आंत मालकानें 'काम पूर्ण झाल्याची सूचना' नोंदणी-कचेरींत नोंदविली असती, तर पोटकंत्राटदार व पुरवठादार यांची मुदत ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आली असती, आणि सत्तराव्या दिवसाची नोंद निरर्थक ठरली असती. एका छोट्या कागदानें १४,५०० डॉलर वांचले असते. पण तो कागद असतो हेंच त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

दुसरी गोष्ट रकमेची. व्यापाऱ्याच्या वकिलानें जो आंकडा कळविला तो १६,४०० डॉलरांचा होता: मूळ १४,५००, आणि वर वकिलाची फी व कागद तयार करण्याचा खर्च म्हणून १,९००. अशा वेळीं एकूण रकमेकडे न पाहतां तिची फोड लेखी मागून घ्यावी. कॅलिफोर्नियांत बोजाची रक्कम केलेल्या कामाच्या वाजवी किंमतीपेक्षां किंवा ठरलेल्या किंमतीपेक्षां, यांतील जी कमी असेल तिच्यापेक्षां, अधिक असूं शकत नाहीं. आणि मालकाशीं ज्याचा करारच नाहीं त्याच्या वकिलाची फी त्यांत सामान्यतः बसत नाहीं. हें दाखवून दिल्यावर ते १,९०० डॉलर गळून पडले. मात्र हा नियम सर्वत्र सारखा नाहीं. फ्लॉरिडांत फिर्याद जिंकणाऱ्या पक्षास वकिलाची फी मिळते. टेक्ससांत कोर्टास ती देवविण्याचा अधिकार आहे. म्हणून 'फी देणार नाहीं' असें ताठ्यानें म्हणण्यापूर्वीं आपण कोणत्या राज्यांत आहों तें पाहावें.

तिसरी गोष्ट मार्गांची. त्याच्यापुढें तीन मार्ग होते. एक, वाट पाहणें. बोजा नोंदविल्यापासून ९० दिवसांत व्यापाऱ्यानें फिर्याद केली नाहीं, तर कॅलिफोर्नियांत तो बोजा निर्जीव होतो. पण निर्जीव झाला म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाहीं. त्यासाठीं आधीं दहा दिवसांची सूचना देऊन कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. खरेदीस तीन आठवडे उरले असतां हा मार्ग बंदच होता. दोन, जामीनखत. बोजाच्या सव्वापट रकमेचें, म्हणजे येथें १८,१२५ डॉलरांचें, जामीनखत मान्य जामीन-कंपनीकडून घेऊन नोंदविलें कीं बोजा घरावरून उठून त्या जामीनखतावर बसतो, आणि घर मोकळें होतें. दाव्यांतच खोट आहे असें वाटत असेल तर हा मार्ग उत्तम. त्यास जामीन-कंपनीचा आकार पडतो, आणि ती बहुधा तारणही मागते. येथें मात्र दाव्यांत खोट नव्हती. मग भांडण पुढें ढकलून काय साधणार? तीन, रक्कम फेडून बोजा उतरविणें. त्यानें तिसरा मार्ग पत्करला.

आणि येथेंच चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. पैसे दिले म्हणजे बोजा उतरला असें नव्हे. याज्ञवल्क्य स्मृतींत सांगितलें आहे कीं, ऋणकोनें थोडें थोडें फेडल्यास तें दस्ताच्या पाठीवर लिहावें, अथवा धनकोनें आपल्या हस्ताक्षरांत पावती द्यावी. आणि सर्व ऋण फिटल्यावर तो दस्त फाडून टाकावा, किंवा ऋणशुद्धीसाठीं दुसरा लेख करवून घ्यावा. शेंकडों वर्षांपूर्वींचा हा नियम अमेरिकेच्या नोंदणी-कचेरीसही तंतोतंत लागू पडतो. तेथील नोंद फाडून टाकतां येत नाहीं. म्हणून 'दुसरा लेख', म्हणजे बोजा सोडल्याचें पत्र, व्यापाऱ्याच्या सहीनें, नोटरीसमोर करवून तें त्याच कचेरींत नोंदवावें लागतें. तें नोंदविलें नाहीं, तर दहा वर्षांनीं घर विकतांना तोच बोजा पुन्हां दत्त म्हणून पुढें उभा राहतो. आणि तोंवर तो व्यापारी कोठें असेल, त्याची पेढी चालू असेल कीं नसेल, कोण सांगणार?

मग आधीं पैसे द्यावे कीं आधीं पत्र घ्यावें? दोघांसही एकमेकांवर विश्वास नसतो, आणि तो नसणेंच शहाणपणाचें. याची तोड कॅलिफोर्नियानें चांगली काढली आहे. हक्क सोडल्याच्या पत्राचे चार नमुने कायद्यांतच छापले आहेत: हप्त्यापुरता सशर्त व बिनशर्त, आणि अखेरच्या रकमेचा सशर्त व बिनशर्त. सशर्त पत्राचा अर्थ असा कीं, चेक वटला तरच हक्क सुटला. बिनशर्त पत्राचा अर्थ असा कीं, पैसे हातीं आले, हक्क संपला. म्हणून चेक देतांना सशर्त पत्र घ्यावें, तो वटल्यावर बिनशर्त पत्र घ्यावें. घरविक्रीच्या वेळीं तर मध्यस्थ कचेरीच हें काम करते: पैसे तिच्याकडे, सही केलेलें सोडपत्र तिच्याकडे, आणि दोहोंची अदलाबदल एकाच दिवशीं. आमच्या विद्यार्थ्याचें प्रकरण असेंच मिटलें. विक्रीच्या रकमेंतून १४,५०० डॉलर व्यापाऱ्यास गेले, सोडपत्राच्या नोंदणीची व नोटरीची फी त्यानें आपण सोसली, आणि ठरल्या तारखेस आई नव्या घरांत गेली.

राहिला कंत्राटदार. कॅलिफोर्नियांत परवानाधारक कंत्राटदारास जामीनखत भरावें लागतें. तें १ जानेवारी २०२३ पासून २५,००० डॉलरांचें आहे. विद्यार्थ्यानें राज्याच्या कंत्राटदार-परवाना मंडळाकडे तक्रार केली व जामीन-कंपनीकडे मागणी केली. वर्षभराच्या पत्रव्यवहारानंतर ९,००० डॉलर परत आले. उरलेले ५,५०० बुडाले, ते बुडालेच. हा शेवट गोड नाहीं, पण बहुतेक अशा प्रकरणांचा शेवट याहून कडू असतो.

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, हें पुन्हां सांगितलें पाहिजे. न्यूयॉर्कांत एका कुटुंबाच्या राहत्या घरावर काम संपल्यापासून चार महिन्यांत बोजा नोंदवावा लागतो. इतर खासगी कामांस आठ महिने. फ्लॉरिडांत मुदत ९० दिवसांची असून बोजा एक वर्ष जिवंत राहतो. परंतु मालकानें हरकतीची सूचना नोंदविली तर तें वर्ष ६० दिवसांवर येतें, आणि तेवढ्यांत फिर्याद न झाल्यास बोजा सुटतो. टेक्ससांत राहत्या घरावर असा हक्क मिळविण्यास काम सुरू होण्यापूर्वीं लेखी करार, व घरमालक विवाहित असल्यास पतिपत्नी दोघांचीही सही लागते. आणि देणें फिटल्यावर मालकानें लेखी मागणी करतांच दहा दिवसांत सोडपत्र देणें बोजेदारास भाग आहे. कॅनडांतील आँटारिओ प्रांतांत मालकानें प्रत्येक हप्त्यांतून दहा टक्के रक्कम कायद्यानेंच राखून ठेवावयाची असते, तिच्यावर अशा बिनपैशाच्या कारागिरांचा हक्क पोंचतो. म्हणून शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या अनुभवावर विसंबून राहूं नये. त्याच राज्यांतील वकिलास एकदां विचारावें. त्याची फी ही या बाबतींत खर्च नसून विमा आहे.

आतां काम सुरू होण्यापूर्वींच काय करतां येईल तें सांगून पुरें करतों. कंत्राटदाराचा परवाना चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. कॅलिफोर्नियांत घरदुरुस्तीच्या कामास आगाऊ रक्कम ठरावाच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल तिच्याहून अधिक घेण्यास कायद्याची मनाई आहे. जो अधिक मागतो त्याच्याविषयीं तेथेंच सावध व्हावें. पोटकंत्राटदार व माल पुरविणारे यांची यादी मागावी, आणि जें जें सूचनापत्र टपालानें येईल तें त्या यादीशीं ताडून एका फाइलींत लावावें. सूचनापत्र आलें म्हणजे कोणी भांडावयास आला असें समजूं नये. 'आपल्या घरांत माझा माल येत आहे, माझ्याकडे लक्ष असूं द्या' एवढेंच तो सांगत असतो, आणि त्याबद्दल त्याचे उपकारच मानावे. हप्ता देण्यापूर्वीं मागील हप्त्याचें बिनशर्त सोडपत्र त्या सर्वांकडून आणावयास कंत्राटदारास सांगावें. मोठ्या पुरवठादाराचें देणें असेल तर कंत्राटदार व पुरवठादार या दोघांच्या नांवें जोडचेक द्यावा, म्हणजे पैसे वाटेंत अडकत नाहींत. अखेरचा हप्ता मुदत उलटेपर्यंत, निदान सर्व सोडपत्रें हातीं येईपर्यंत, देऊं नये. आणि तें आरंभींच करारांत लिहून घ्यावें, म्हणजे पुढें वाईटपणा येत नाहीं.

आपल्या मुलांना हें कसें सांगावें, असा एक अडथळा वडीलधाऱ्यांस वाटेल. परदेशीं राहणारीं मुलें शिकलेलीं असतात, त्यांना कायदा आपल्याहून अधिक कळतो, अशी आपली समजूत. पण शिक्षण निराळें आणि कागद जपण्याची संवय निराळी. आपल्या मागच्या पिढ्यांनीं वाड्याच्या जुन्या पेटींत पावत्या, गहाणखतें, फेडीचीं पत्रें कापडांत गुंडाळून ठेविलीं, तीं कांहीं कायदा शिकून नव्हे. एका पिढीनें फेडलेलें कर्ज पुढच्या पिढीला पुन्हां फेडावें लागूं नये, एवढ्या एका काळजीनें. तीच काळजी आतां सातासमुद्रापलीकडच्या घरांत पोंचावयास हवी. मुलाच्या पत्रांत किंवा दूरध्वनीवर घरदुरुस्तीचा विषय निघाला, तर रंग कोणता व फरशी कसली हें विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावे: माल पुरविणाऱ्यांना पैसे पोंचले का, आणि त्यांचीं सोडपत्रें नोंदलीं गेलीं का? पहिल्यानें ज्याचे श्रम घरांत लागले त्यास न्याय मिळेल, आणि दुसऱ्यानें घर आपलें राहील.